गाद

मुसळगावच्या गिरणीत टाकीच्या तळाशी बसते ती गाद.
काकवीहून काळी, नाकाला झोंबणारी.
पेठ-सुरगाण्याच्या खुरासणीचं तेल डब्यांत भरून गेल्यावर
जे उरतं, आणि कुणी मागत नाही,
ते.

मथुराबाई गांगुर्डे ती खरवडते
पत्र्याच्या उलथण्यानं, आठवड्यातून दोनदा,
आणि सुट्टी झाली की डालड्याच्या जुन्या डब्यात
वाटीभर घेऊन जाते.
टाचांना, म्हणाली. आणि म्हशीच्या सडांना.
कुणी हटकत नव्हतं. टाकूनच द्यायची होती.

मी सातपूरच्या लॅबमध्ये बसते.
माझ्याकडे ती आली बाटलीतून,
नमुना क्रमांक एकशे बारा.
काचेच्या पट्टीवर खाली एक थेंब टेकवला.
द्रावण हळूहळू वर चढलं, आणि मग
आयोडीनच्या बरणीत पट्टी उभी केल्यावर
तपकिरी डाग उमटले, जिन्यात
जागा मिळेल तिथे बसलेल्या माणसांसारखे:
अगदी तळाशी, जागचं न हललेलं, लेसिथिन.
त्याच्या वर स्टेरॉल. मग टोकोफेरॉल, फिकट.
सगळ्यांत वर चुकून राहिलेलं तेल,
ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

रात्री रिपोर्ट टाइप केला.
‘जैवसक्रिय’ हा शब्द तीनदा आला.
खोटं कशाला बोलू, आनंद झाला;
जेहान सर्कलला थांबून एकटीनं कुल्फी खाल्ली.

मालकांनी रिपोर्ट वाचला. त्यांनाही झाला.
पुढच्या खेपेला गेले तर
टाकीशेजारी निळं पिंप, पिंपाला कुलूप,
अंगावर खडूनं लिहिलेलं: पुणे पार्टी.
मथुराबाई उलथण्याला लागलेलंही
बोटानं निपटून पिंपात सोडत होती.
मग बोट फडक्याला पुसलं. फडकंही मोजलेलं.

“काय निघालं वो ताई त्यात?”
मी सांगायला लागले, की प्रत्येक पेशीला
एक पातळ भिंत असते, आणि ती भिंत...
ती ऐकत होती. टाचांकडे बघत नव्हती.
मीच बघत होते.
“म्हंजे चांगलं व्हतं,” ती म्हणाली,
आणि पुढच्या टाकीत उतरली.

फ्रीजमध्ये एकशे बारा अजून होती,
अर्धी. सहा महिने ठेवायची असते.
रजिस्टरात लिहिलं: चाचणीत संपली.
खाली सही. तारीख.
शनिवारी सिन्नरची एसटी,
पर्समध्ये बाटली, झाकण नीट बसेना.
मोहदरी घाटातल्या वळणांवर ती थोडी सांडली,
रुमालात.
तीनदा धुतला.