शेवटचं कोण?

दांडिया बाजारात आमच्या घरी येणाऱ्या त्याच्या पत्रांना
डिंकाचे दोन थर असायचे.
एक त्याचा, एक त्याच्या सरकारचा.
आत हवा असायची.
हवा छान आहे, बर्फ वेळेवर पडला, योजना मुदतीआधी पुरी झाली.
कोयलीच्या रिफायनरीत मी गेन्नादी पाव्लोविचचा दुभाषी.
हा गृहस्थ हवेबद्दल कधी अवाक्षर बोलत नसे.
व्हॉल्व्ह गळला की आई-बहिणीवरून सुरू व्हायचा
आणि मी ते गाळून फिटर जेठाभाईला सांगायचो:
साहेब म्हणतात, जरा बघून घ्या.

मग अठ्ठ्याऐंशीच्या गोकुळाष्टमीला
एकाच थराचं पाकीट आलं.
मी ते खिडकीशी नेऊन उलटंसुलटं करत राहिलो.
बायको म्हणाली, उघडा की, साप आहे का आत?

'त्रिम्बाक,' (त्र्यंबक त्याला कधीच जमलं नाही)
'नातीची इतिहासाची परीक्षा रद्द झाली.
सबंध देशात. पुस्तकं खोटी निघाली म्हणून.
पोरं नाचली.
मला याच विषयात पैकीच्या पैकी होते.'

त्यानंतर पत्रं जाडजूड होत गेली, तिकिटं वाढत गेली.
साबणाला कुपन. साखरेला कुपन.
लोक रांगेत ट्रान्झिस्टर कानाला लावून उभे,
सभागृहात कोणीतरी कोणालातरी
पहिल्यांदाच खरा प्रश्न विचारतोय,
आणि काउंटरवर मीठ आहे, काड्यापेटी नाही.
'तोंड मिळालं, त्रिम्बाक. घास मागाहून येतोय म्हणतात.'

हे मी युनियनच्या हळब्यांना वाचून दाखवलं.
त्यांनी चहा बशीत तसाच ठेवला.
म्हणाले, अमेरिकेने लिहिलंय हे.
मी म्हटलं, अक्षर ओळखतो मी त्याचं.
ते म्हणाले, अक्षराचं काय घेऊन बसलात.

एका पत्रात फक्त बाप होता.
सदतीस साली रात्री नेलेला,
छप्पन साली कागदोपत्री न्यूमोनियाने वारलेला.
आता तिसरा कागद आलाय, गोल शिक्क्याचा:
न्यूमोनिया नव्हता.
खाली सही करणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे, एवढंच त्याने लिहिलं.
ते वाक्य मला मराठीत आणता आलं नाही.
म्हणजे शब्द सगळे आले.

आणि एकदा रांगेचे नियम, खास माझ्यासाठी.
'आल्यावर विचारायचं, क्तो पस्लेदनी? शेवटचं कोण?
कोणीतरी हात वर करतं.
त्याचा कोट लक्षात ठेवून तू खुशाल दुसऱ्या रांगेत जा,
तुझी जागा त्याच्या डोक्यात शाबूत राहते.
सत्तर वर्षांत बांधलेली एवढी एकच यंत्रणा
गळत नाही बघ.'

एक्याण्णवच्या संक्रांतीनंतर पत्ता बदलला.
माणूस तोच, इमारत तीच,
कुयबिशेवचं आता समारा.
'नवं नाही, जुनंच. आईच्या ओठांवर होतं, दार लावल्यावर.'
मी उलट लिहिलं, आमचंही तेच.
पाटीवर वडोदरा, जिभेवर बडोदा.
लिहून झाल्यावर ओशाळलो.
आमच्या इथे बडोदा म्हणायला
कोणी दार लावत नाही.

ऑगस्टमध्ये रणगाड्यांची बातमी आली त्या संध्याकाळी
हळबे पावसात छत्री न घेता आले.
पत्र आलं का?
नाही.
बसले. बशीतला चहा प्यायले.

पत्र आलं ते मार्चमध्ये,
नसलेल्या देशाचं तिकीट लावून.
'आता हवेबद्दल खरंच लिहितो.
घरात अकरा अंश. पेन्शनमध्ये दोन किलो सॉसेज.
टेबलावर तू दिलेला पितळी हत्ती आहे, विकणार नाही.
बहुतेक.'

दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यात रेशनचं रॉकेल आलं.
ज्या गावात आम्ही दोघांनी रिफायनरी चालू केली
त्या गावात मी डबा घेऊन गेलो,
आणि गुजराती नाही, मराठी नाही,
तोंडातून निघालं, क्तो पस्लेदनी?

हिरव्या साडीतल्या एका बाईने
कळल्यासारखा हात वर केला.
मी साडी लक्षात ठेवली.