पहिली सोळा पानं

आमचं वाचनालय म्हणजे दोन पेट्या.
एक पत्र्याची, एक फ्रिजच्या खोक्याची,
सोहारला, शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत,
एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यापासून लांब.
पुस्तकं येतात ती तीस किलोंच्या हिशेबात.
कुणीतरी बॅगेतून कुळथाचं पीठ काढतं, आईच्या देखत,
आणि त्या जागी जाडजूड काहीतरी कोंबतं.

शुक्रवारी गफूरभाईंची नमाज आटोपली
की खालून करक चहा येतो
आणि मी वही उघडतो.
कोणी काय वाचलं, कोणाला काय सुचवलं.

फ्लोरी डाबरे, आयसीयूची रात्रपाळी,
म्हणते, हे घ्या, यात कोणी मरत नाही.
खरं तर मरतं. एकशे चाळिसाव्या पानावर, एक बैल.
तिला बैल चालतो.
खोतसाहेब प्रत्येक नव्या माणसाला एकच देतात,
विहीर खणणाऱ्या भावांचं,
आणि आठवडाभर फोन करतात: पाणी लागलं का?
नलूताई कपिले काही सुचवत नाहीत,
नुसत्या पान दुमडतात.
मागून वाचणारा दुमडीपाशी थबकतो,
काहीतरी असेल म्हणून दोनदा वाचतो,
तर तिथे आमसुलाचं सार.

मग ते पुस्तक आलं. रद्दीतलं.
कव्हर नाही, नाव नाही,
सुरुवातच सतराव्या पानावर, वाक्याच्या मधून:
म्हणून ती परत आलीच नाही, आणि दिवा तसाच राहिला.

ती कोण?
बहीण, फ्लोरी म्हणाली.
होडी, खोत म्हणाले, होडीलाही ती म्हणतात.
चहा गार झाला.
गफूर परकार, मूळ खेडचे, बंदरात क्रेनवर,
काही बोलले नाहीत. पुस्तक काखेत मारून गेले
ते तीन शुक्रवार फिरकलेच नाहीत.
मी वहीत दंड मांडला, आठवड्याला शंभर बैसा.

परत आलं तेव्हा जाड झालं होतं.
बंदराच्या कागदांवर, मागे कंटेनरचे नंबर,
निळ्या बॉलपेननं सोळा पानं, खळीनं चिकटवलेली.
त्यात ती म्हणजे शाळेतली बाई,
आणि एक मुलगा, ज्याला ळ म्हणता येत नाही.
बाई रोज कंदील लावून त्याला व्हरांड्यात बसवते.
बाळ. केळ. आभाळ.
तो म्हणतो, आभाल.
बाई सुट्टीला जाते. बदलीचा कागद आधी पोचतो,
म्हणून ती परत आलीच नाही.
इथे खळ संपते आणि छापील अक्षर सुरू होतं.
सांधा बोटाला लागतो, वाचताना लागत नाही.

नलूताईंनी त्यातली चार पानं दुमडली.
एका पुस्तकात चार, हे पहिल्यांदाच.

मार्चमध्ये गफूरभाईंचं कॅन्सल झालं.
दंडाचे तीनशे बैसे त्यांनी मोजून दिले,
मी घेतले. घ्यायला नको होते.

आणि यंदा खोत साताऱ्याहून अख्खी प्रत घेऊन आले,
कव्हरसकट, किमतीसकट.
आम्ही चौघं डोकी जुळवून बसलो.
ती म्हणजे मांजरी होती.
सोळा पानं, मांजरी, दुधाचं भांडं, एक काका.
मी खेडला फोन लावला.
गफूरभाई आधी खूप हसले,
मग म्हणाले, पण मांजर परत येतंच हो.
लिहिणाऱ्यानं पाळलेलं नसणार.

आता पेटीत दोन्ही आहेत.
परवा स्मेल्टरमधला नवा पोरगा आला, मल्हारी धोत्रे,
हाताला वेल्डिंगचे डाग,
म्हणाला, कोणतं नेऊ, तुम्हीच सांगा.
खोतांची विहीर मी बाजूला सारली.
वहीत लिहिलं: सुचवणारे, सगळे.
लेखक या रकान्यात बराच वेळ पेन धरून
शेवटी लिहिलं, दोघं.

दहाला शिंप्यानं शटर ओढलं.
कुलूप लावायला उतरलो तर
मल्हारी जिन्यातच, चौथ्या पायरीवर,
मोबाईलचा उजेड पानावर धरून,
ओठ हलत होते.
मी कडेकडेनं खाली गेलो.
जिन्यातला दिवा लावायचा राहिलाच.