एकेचाळीस नंबर

तक्त्यात त्रेसष्ट माणसं होती,
हुपरीची, चांदीच्या कामातली.
नावांच्या जागी आकडे.
एकेचाळीस दुसऱ्या तपासणीला आलाच नाही.

मी सव्वीस वर्षांची,
सॉफ्टवेअर नुकतंच शिकलेली.
म्हटलं, मॅडम, बाकीच्यांची सरासरी घालून
हा रकाना भरता येतो. तशी पद्धतच आहे.

नेर्लेकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
सीपीआरच्या त्या मागच्या खोलीतला पंखा
फिरायचा कमी, बोलायचा जास्त.
"आहे पद्धत," त्या म्हणाल्या,
"पण माणूस का आला नाही हे आधी विचारायचीही
एक पद्धत आहे.
एसटी पावणेदोनला सुटते."

प्रबंधाची तारीख डोक्यावर, मार्चचं ऊन,
मांडीवर संमतिपत्रांची फाइल.
हुपरीपर्यंत मनातल्या मनात
मी त्यांना काय काय म्हणाले
ते इथं लिहीत नाही.

दारात पैंजणांचा ढीग,
सुना घुंगरू जोडत बसलेल्या.
आत, दिव्याशी वाकलेले
जिनगोंडा वाईंगडे, वय अठ्ठावन्न,
तोंडात बकनळी.
ज्योतीची जीभ वळवून
मोहरीएवढ्या सांध्यावर टेकवत होते.
मी घड्याळ लावलं नाही, लावायला हवं होतं.
त्यांची फुंकर तुटतच नव्हती.

काम हातावेगळं करून म्हणाले,
"बाई, त्या दिशी तुमी सगळ्यांफुडं म्हनलासा,
काका, तुम्हाला फुंकता येत नाही.
चाळीस वर्सं फुकतोय की मी."

फायलीत त्या दिवसाची नोंद होती,
माझ्याच अक्षरात:
प्रयत्न अपुरा.

मग चहा आला. मग त्यांनी बकनळी माझ्या हातात दिली.
"गालानं फुकायचं. गाल भरल्यालं ठेवायचं,
नाकानं वढत ऱ्हायचं. छाती कशाला मधी आनायची?
तुमच्या मशीनला छाती पायजे हुती
तर तसं सांगायचं."
माझ्याकडून ज्योत तीनदा विझली.
सुना हसल्या. बरं वाटलं.

परतीच्या गाडीत मात्र घाम फुटला.
त्रेसष्ट जणांना मी एकच सूचना दिली होती,
पुस्तकातली.
त्यातले कितीजण गालानं फुंकून गेले असतील?

मॅडमनी आधी विचारलं, जेवलीस का?
मग, किती जणांना परत बोलवावं लागेल?
सगळ्यांना, मी म्हणाले.
"हं. समितीला पत्र लिही.
चूक पहिल्या वाक्यात, कारण दुसऱ्यात.
उलटं नको."

पदवी सहा महिने लांबली.
नव्या सूचनेतलं पहिलं वाक्य जिनगोंडांचं होतं,
थोडं शुद्ध केलेलं. मॅडमनी ते पुन्हा
त्यांच्यासारखं करायला लावलं.

एकेचाळीस आला, धुतलेली टोपी घालून.
छातीनं फुंकला.
पडद्यावरची रेघ जराशी चढली आणि लगेच खाली बसली.
आकडा आता खरा होता,
म्हणूनच वाईट होता.
"जमलं न्हवं?" त्यांनी विचारलं, धापा टाकत.
जमलं, मी म्हणाले,
आणि पुढचं कसं सांगायचं
हे कुठल्याच कार्यशाळेत शिकवलं नव्हतं.
मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.
मी उभी राहून बघत होते.
तेवढंच माझं शिक्षण.

आता त्या खोलीत मी बसते.
पंखा तोच.
परवा अफसाना मुजावर लॅपटॉप घेऊन आली.
मॅम, सतरा नंबर आलेला नाही.
मी चष्मा कपाळावर सरकवला,
वाक्य ओठांवर तयार होतं,
गाडीची वेळसुद्धा.

"काल जाऊन आले मी," ती म्हणाली.
"सांगू?"

मी उठून पंखा बंद केला.