कारणाचा रकाना

ग्रॅहमनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
चेहरा नको बघूस, पाय बघ.
बूट खोटं बोलत नाहीत.
मग गाडीची किल्ली, मग नखं,
मग नवरा-बायकोत आधी कोण बोलतं ते.
दारापासून पहिल्या गादीपर्यंत अकरा पावलं.
तेवढ्यात ठरवायचं,
उठायचं की स्टुलावरूनच हॅलो म्हणायचं.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या रिंग रोडला लागून आमचं दुकान.
पगार नावापुरता, बाकी कमिशन.
सहा महिन्यांत मी तयार झाले.
आई मंडईत वांगं दाबून बघायची
तशी मी माणसं बघू लागले, नजरेनंच,
देठ हिरवा आहे का, आत कीड आहे का.
शितावरून भात.
आणि भात बहुतेकदा तसाच निघायचा,
खोटं कशाला सांगू.

नोव्हेंबरातला मंगळवार, सव्वादहा.
ती आली. अंगात केअर होमचा जांभळा डगला,
गळ्यातल्या पट्ट्यावर नाव, मोरीन,
पिशवीतून डोकावणारा पाव.
एका बुटाला नाडी, दुसऱ्याला सुतळीसारखं काहीतरी.
ग्रॅहम हलला नाही.
मीही नाही.

"पाठीसाठी बघतेय," ती म्हणाली, कुणाला कोण जाणे.
नेमकी सगळ्यात महागड्या गादीवर बसली.
बूट काढले, जोडीनं ठेवले,
परक्याच्या घरी ठेवावेत तसे,
आणि आडवी झाली.
पाच मिनिटांत घोरायला लागली.

उठव तिला, ग्रॅहम म्हणाला.
मी गेले.
मोज्याच्या भोकातून टाच दिसत होती, भेगाळलेली.
रात्रभर म्हाताऱ्यांना कुशीवर वळवून आलेली बाई
माझ्या देखत स्वतः कुशीवर वळली.
मी किमतीची पाटी उगाच सरळ केली, परत आले.
म्हटलं, गिऱ्हाईक विचार करतंय.

चाळीस मिनिटांनी उठली.
गादीवरचा आपला खळगा तळहातानं सारखा केला.
"छान आहे. पण माझ्या जिन्यातून वर जायची नाही."
किंमत विचारली नाही.
पाव विसरली नाही.

म्हणजे अंदाज बरोबरच होता आमचा.
हेच तेव्हापासून कुठेतरी टोचतंय,
चुकला असता तर निदान गोष्ट तरी झाली असती.

संध्याकाळी तक्ता भरायचा असतो.
आले किती, घेतलं किती,
आणि न घेण्याच्या कारणाचा एक रकाना.
मी लिहिलं, जिना.

ग्रॅहम वाचून हसला.
मग त्याची नजर खाली गेली, माझ्या बुटांवर,
सेलमधले, अर्धा नंबर मोठे.
मुलाखतीच्या दिवशीही
आधी तिथेच गेली असणार.