डावं

धायरीत, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे
आमचं शेड. पत्र्याला भोकं,
दुपारी टपावर उन्हाची सुटी नाणी.
गाडी डॅटसन बाराशे, सन बहात्तर.
मोम्बासाहून बोटीने आलेल्या कुणा डॉक्टर मर्चंटांची,
मग त्यांच्या जावयाची,
मग बरीच वर्षं लुल्लानगरातल्या कोंबड्यांची.
मागच्या सीटखाली तीन अंडी निघाली.

चौघांत घेतली.
म्हणजे शर्वाणीने निम्मे पैसे भरले
आणि आम्ही तिघांनी मतं.

मुनाफ म्हणाला, एस्टीमचं इंजिन बसवू,
कात्रजला ट्रकच्या नाकावर टिच्चून चढेल.
शर्वाणी म्हणाली, हात तर लाव.
भोसरीत तिचा लेथ आहे,
केसाएवढा फरक ती नखाने सांगते.
ग्लेन दोघांनाही हो म्हणाला, चहा आणायला गेला
आणि भांडण संपेपर्यंत परतला नाही.
शेवटी तह झाला:
इंजिन तेच, ब्रेक नवे, पुढे डिस्क,
चाकं दीड इंच रुंद,
हॉर्नला कुणी बोट लावायचं नाही.
तो सर्दी झालेल्या बदकासारखा वाजतो.

नाना पेठेत गॅस्केट मागितलं
तर म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा काढला.
“डॅटसन? अरेरे,” म्हणाला,
जणू आम्ही कुणी गेल्याचं कळवायला आलो होतो.
तरी माळ्यावर चढला.
शिंकत शिंकत खाली आला, हातात वॉटर पंप.
गॅस्केट नव्हतंच. पंप घेतला.

आषाढ सगळा गंज खरवडण्यात गेला.
एका रात्री डाव्या दाराचं आतलं पॅनल काढलं
आणि मुनाफने टॉर्च तिथेच धरून ठेवला.
पत्र्यावर पेन्सिलीने काहीतरी.
एक आडवी रेघ, तिला कापत गेलेली तिरकी,
आणि तिच्या कुशीत,
“हा तर आय-सेक्शनचा गर्डर,” शर्वाणी म्हणाली.

पन्नास वर्षं.
कोंबड्या, दोन खंड, खारा वारा,
आणि पेन्सिल पुसली गेली नव्हती.
ग्लेनला वाटलं, आशीर्वाद असेल.
मुनाफला वाटलं, पोरीचं नाव.
मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही.

टिळक रोडला जपानी शिकवणाऱ्या पाटणकर बाईंना फोटो दाखवला.
त्यांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ.
“डावं,” म्हणाल्या.
पुढे?
“पुढे काही नाही. डावं दार आहे ना ते?”

परतताना स्कूटरवर कुणी बोललं नाही.
स्वारगेटच्या सिग्नलला ग्लेन एकटाच हसायला लागला.

असणार कुणीतरी. पाळी संपत आलेली,
कानामागे पेन्सिल,
समोर एकसारख्या दारांची चळत,
आणि चूक होऊ नये एवढीच इच्छा.
मी टूलरूममध्ये अकरा वर्षं काढली,
जॉबवर खडूने किती बाण काढले.
कुणी ते कुठे नेऊन वाचले असतील,
असं कधी मनातही आलं नाही.

रंगाच्या दिवशी मुनाफने
त्या तीन बोटं जागेवर टेप लावला,
बाकी दार फिकट पिस्ता केलं.
टेप काढून वर नुसता लॅकरचा हात.
मग पलीकडे गेला, बराच वेळ वाकून होता.
उजव्या दाराच्या पोटात, शाळेतल्या अक्षरात: उजवं.
“र्‍हस्व दीर्घ बघ रे,” म्हणाला.
बरोबर होतं.
पॅनल चढवलं, क्लिपा दाबल्या,
आता ते ज्याला दिसायचं त्याला दिसेल.

पहाटे जुना कात्रज घाट.
तिसऱ्यात कुरकुरली, दुसऱ्यात चढली.
एका ट्रकने आम्हाला सहज मागे टाकलं,
मुनाफ शर्वाणीकडे बघत राहिला,
ती आरशाकडे.
आणि प्रत्येक वळणाला उजव्या दारात
खट्, खट्.
ग्लेनने काच वरखाली केली, मी बिजागरीला कान लावला.
घाट संपता संपता
मुनाफने आधी खिसा चाचपला, मग कान.

“पेन्सिल,” म्हणाला.

पॅनल उघडायला दहा मिनिटं लागतात.
अजून कुणी उघडलेलं नाही.