गुरुवारचे भाग

साखळ्या सोमवारी मूठ उगारायचा.
मंगळवारी नुसता वारा. त्याचे केस उडायचे,
शत्रूचे केस उडायचे,
आणि दोघांनाही एकदमच लहानपण आठवायचं.
बुधवारी जमिनीला तडा जायचा, खडे आपापले वर उठायचे,
दंडाभोवतीची साखळी कडीकडीने तापत
विस्तवात विसरलेल्या उलथन्यासारखी लाल.
आणि गुरुवारी वारज्यात वीज नसायची.

पाचला येते म्हणायचे. यायची पावणेसातला.
शुक्रवारी शत्रू आडवा,
साखळ्या पाठमोरा, चालत निघालेला.
दीडशे भाग पाहिले मी त्या मालिकेचे
आणि एकही ठोसा लागताना पाहिला नाही.

पाहिला तो योहान पारखेने.
खडकीत त्यांच्या क्वार्टर्सना कारखान्याची वीज,
ती गुरुवार पाळत नसे.
शुक्रवारी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे,
एका हातात पोळीची गुंडाळी धरून
तो मला गुरुवार सांगायचा.
आवाज सगळे तोंडाने. थुंकी उडायची, मी पुसत नसे.
हिंदी डबिंगपेक्षा त्याची साखळी बरी वाजायची.

शेवटचा भागही मेला गुरुवारीच आला.
आठवीची सहामाही, दुसऱ्या दिवशी भूगोल.
पेपर झाल्यावर योहानने तो बसस्टॉपवर सांगितला,
दोन बस सोडून:
साखळ्या हरतोय. गुडघ्यावर. बर्फ.
आणि पहिल्याच भागात पूल ओलांडून गेलेले,
मागे वळूनही न बघितलेले त्याचे गुरुजी
त्याच पुलावरून परत येतात.
काही शिकवत नाहीत. लढत नाहीत.
शेजारी उकिडवे बसतात आणि म्हणतात,
"उशीर झाला रे. जेवलास का?"
मग साखळ्या उठतो.

हे वाक्य मी कुठे कुठे वापरलंय.
बारावीला गणितात उडाले तेव्हा.
पहिली नोकरी गेली त्या संध्याकाळी
म्हात्रे पुलावर स्कूटी कडेला लावून,
स्वतःलाच, मोठ्याने, मागचे हॉर्न वाजवत असताना.
लेकीचा ताप रात्री तीनला उतरला तेव्हा.
नवऱ्याने विचारलं होतं, कोणाचं गं हे?
म्हटलं, आमच्या गुरुजींचं.

परवा तो भाग सापडला. स्वच्छ, मूळ जपानीत, खाली अक्षरं.
वीज होती. चहा होता. घरात कोणी नव्हतं.
चाळिसाव्या वर्षी मी तो ठोसा लागताना पाहिला.

खरं सांगू? चित्रं काटकसरीची आहेत.
एकच डोंगर तीनदा फुटतो.
शत्रूचं बोलणं संपतं, तोंड हलत राहतं.
साखळ्या उठतो तो आपला आपणच, ओरडत,
का उठतो ते कळत नाही.
मग पूल दाखवतात.
पूल रिकामा.
बर्फ पडत राहतो आणि नावं यायला लागतात.

मागे नेऊन पाहिलं. परत मागे नेलं.
तिसऱ्यांदा फक्त पुलाचं पलीकडचं टोक,
नाक स्क्रीनला लावून,
एखादा ठिपका तरी असेल म्हणून.

क्वार्टर योहानच्या आईच्या नावावर होतं.
पारखेकाका त्या वर्षी मस्कतला की कुठे गेले होते.
"की कुठे" हे सगळेच म्हणायचे, त्याची आईसुद्धा.
पोळीच्या गुंडाळीत काय असतं
ते मी कधी विचारलं नाही.
मला घाई असायची,
पुढे काय झालं, सांग ना, पुढे काय झालं.

आता कोणी विचारलं, कशी आहे हो ती जुनी मालिका,
तर सांगते: बरी आहे.
सोमवार, मंगळवार, बुधवार आवर्जून बघा,
शुक्रवारही चालेल.
गुरुवारचे भाग फार वरचे होते.
ते आता मिळत नाहीत.