रुपयाएवढं भोक

डिसेंबरातलं ग्वाल्हेर.
हॉटेलच्या हिरवळीवरून धुकं अजून उठलं नव्हतं
आणि गाड्या मात्र चादरी काढून उभ्या,
शाळेच्या फोटोला उभ्या केल्यासारख्या.

लॉट एकोणीस.
चॅसी विलायती, बॉडी ऑर्डर देऊन बांधलेली,
रंग पारवा, दारांवर केसाएवढी सोनेरी रेघ.
पुस्तिकेत लिहिलंय : एकमेव.
अशी दुसरी नाही.
ते खरंच आहे.
पण का, हे पुस्तिकेला ठाऊक नाही.

मी वाकले. गुडघे कुरकुरले.
मागच्या सीटच्या पुढे, तळाला, डावीकडे
रुपयाएवढं भोक असायला हवं होतं.
जुन्या रुपयाएवढं, आताच्या नव्हे.

ते माझ्या बापानं पाडलेलं.
त्र्यंबक तांबट, दौलतगंज.
हातड्रिलनं, अख्खी दुपार लावून.
सांगताना अजून कपाळ पुसायचा :
"विलायतेच्या पत्र्याला भोक पाडायचं म्हणजे
जावयाचे कान टोचायचे, गं."

सरदारांची धाकटी सून वेंगुर्ल्याची,
खाऱ्या वाऱ्यात वाढलेली.
इथं मे महिन्यात लू सुटली
की कबुतरंसुद्धा चोच उघडी टाकून बसतात.
तिला भोवळ यायची.
म्हणून गाडीत तांब्याची परात बसवली,
परातीत बर्फाची लादी, लादीवर गोणपाट,
आणि विरघळेल त्याला वाट म्हणून ते भोक.

पडावच्या बर्फखान्यावरून गाडी निघायची
ती थेंबांची ओळ सांडत थेट कंपूपर्यंत.
आम्ही अनवाणी पोरं त्या ओळीवरून पळायचो.
एक थेंब, एक पाऊल,
डांबर चटका देईस्तोवर पुढचा थेंब.
मुनीर सगळ्यांच्या पुढे, मग मी,
मग शिंप्याची दुर्गी, एका हातानं परकर धरून.
गाडी वळली की थेंब वळायचे
आणि आम्ही वळायचो.

तिचं तोंड मी कधीच पाहिलं नाही.
काचेला वाळ्याचा पडदा.
एकदा मात्र नई सडकेच्या वळणावर
गाडी थांबली.
पुढे ना टांगा आडवा, ना म्हैस.
थांबली आणि थांबूनच राहिली,
आमच्या पायांखाली डबकं होईपर्यंत.
ड्रायव्हर समोर बघत होता.
आतून कुणी काही बोललं नाही.

"काय शोधताय, आजी?"
कोटातला मुलगा, पुण्याहून आलेला बहुतेक.
मी सांगितलं. परात, लादी, गोणपाट,
मुनीरचं नावसुद्धा सांगून बसले.
तो हसला. वाईट नाही हसला.
"तो गंज होता हो. बुजवला आम्ही.
आता कशी अगदी ओरिजनल आहे."

खाली हात घालून बोट फिरवलं.
गुळगुळीत.
इतकं गुळगुळीत
की बापानं त्या कारागिराची पाठ थोपटली असती
आणि मग घरी येऊन जेवला नसता.

बोली सुरू झाली.
सत्तर. ब्याऐंशी. एक कोटी दहा.
कुणी फोनवर मान हलवत होतं,
कुणी चहाच्या कपावर हात शेकत होतं.
मी दवाच्या गवतात उभी.
चपला केव्हा काढल्या, आठवत नाही.

हातोडा पडला.
कितीला गेली ते ऐकायचं राहूनच गेलं.
पाय गार पडले होते.